शरद ऋतूत शरणपूरची दफनभूमी आणि नाशिकची साहित्यस्थळे कशी पाहावीत

परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ या फेरीसाठी राखून ठेवावा. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते आणि पायवाटा निसरड्या होतात, तर उन्हाळ्यात तापलेल्या शिळांजवळ फार वेळ उभे राहवत नाही. दिवाळीच्या खरेदीचे दिवस मात्र वगळावेत, कारण त्या आठवड्यात मेन रोड आणि रविवार कारंजा या भागांतून पायी चालणेही कठीण होते. २ नोव्हेंबरला अनेक ख्रिस्ती कुटुंबे आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करून फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी जायचेच असेल तर कॅमेरा घरी ठेवून जावे. माझ्या मते परक्याने दुसरा दिवस निवडणे अधिक बरे.

निघण्यापूर्वी नाशिकमधल्या शरणपूर या जुन्या ख्रिस्ती वसाहतीची थोडी माहिती करून घ्यावी, एरवी तिथले दगड नुसते दगडच वाटतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने ही वसाहत उभी केली. गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवून इथे आणले जाई आणि अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी असे उद्योग शिकवले जात. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये स्कॉटिश धर्मप्रसारक व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली वेनराइटने आणि झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला तोही त्यानेच. पुढे शवपेटीसोबत तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यसंस्कारात शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये होता. शरणपूरच्या अनेक आफ्रिकी विद्यार्थ्यांना १८७५ मध्ये मोम्बासाजवळ वसवलेल्या फ्रिअर टाउनमध्ये नेण्यात आले. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककरांपैकी फार थोड्यांना ही हकीकत ठाऊक असते.

दफनभूमी ही सार्वजनिक बाग नव्हे. आदल्या दिवशी चर्चच्या कार्यालयात किंवा तिथल्या रखवालदाराकडे येण्याचा हेतू सांगून परवानगी घ्यावी आणि छायाचित्रांविषयी वेगळे विचारावे. पावसानंतर गवत गुडघ्यापर्यंत वाढलेले असते व त्यात सापकिरडू असू शकते, म्हणून चपला न घालता बंद बूट घालावेत, हातात काठी ठेवावी आणि पाऊल टाकण्याआधी ती गवतावर आपटावी. कबरीवर बसू नये, डबा तिथे उघडू नये आणि अंत्यविधी चालू असेल तर फाटकाबाहेरच थांबावे.

जुने लेख वाचायचे तर सकाळी आठच्या सुमारास पोहोचावे. तिरप्या उन्हात उथळ अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि समोरून पाहताना सपाट वाटणारी ओळ एकाएकी लागते; मजकूर सावलीत असेल तर लहान आरशाने बाजूने उजेड पाडावा. काही जुन्या संगमरवरी पाट्यांवर शिशाची अक्षरे बसवलेली असत. ती गळून पडली तरी खाली बारीक भोकांच्या रांगा उरतात, आणि त्या भोकांच्या ठेवणीवरून अक्षर ओळखता येते. खडू, पीठ किंवा तारेचा ब्रश मुळीच वापरू नये, कारण एकदा खरवडलेला दगड पुन्हा पूर्ववत होत नाही. इंग्रजी लेखांवर न थांबता मराठी लेखही वाचावेत. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द दिसला की त्याच्या आसपास नाव आणि तारीख शोधावी.

या मराठी ख्रिस्ती जगाची उत्तम ओळख लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून होते, म्हणून ते पुस्तक आधी वाचूनच यावे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि १९३६ मध्ये त्या नाशिकमध्येच निवर्तल्या. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरचा दुरावा, वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे किस्से आणि स्वतःवर हसण्याची त्यांची तऱ्हा ज्याने वाचली आहे, त्याला त्याच काळातला मराठी मृत्युलेख वाचताना त्यामागचे घर दिसू लागते.

ऊन चढले की गावात यावे. टिळक पथावरचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सर्वांचे ‘सावाना’, १८४० सालचे आहे. दुपारचे दोन तास तिथे सहज जातात. जुन्या नाशकातले विजयानंद थिएटर बाहेरून पाहिले तरी पुरे. कविता छापल्याबद्दल १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, आणि त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी २१ डिसेंबरला या नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या.

संध्याकाळ गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकाला द्यावी. शिरवाडकरांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि १० मार्च १९९९ रोजी ते नाशिकमध्येच गेले. स्मारकात कार्यक्रम वारंवार होत असल्याने त्या दिवशी काही आहे का, याची सकाळीच चौकशी करावी.

सावरकरांचे भगूर आणि शेजारची देवळाली याच दिवसात कोंबू नयेत. देवळालीचा बराच भाग लष्करी छावणीत येत असल्याने तिथे जाताना ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्रे काढण्याआधी विचारून घ्यावे.