आरामखुर्ची घेताना आधी उठून बघा

आमच्या वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या घरात ओसरीवर आजोबांची आरामखुर्ची असायची. सागवानी चौकट, वेताची बैठक आणि हातांखाली दडवलेल्या दोन लांब फळ्या. त्या फिरवून पुढे काढल्या की त्यांवर पोटऱ्या टाकून माणूस निवांत आडवा. मळ्यांवरच्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतली ही खुर्ची, म्हणून तिचं नाव प्लँटर्स चेअर. आजोबा जेवण झालं की पाय वर टाकायचे नि पेपर तोंडावर घ्यायचे. आजीला त्या खुर्चीत मी कधी पाहिलं नाही. नऊवारी नेसून दोन फळ्यांवर दोन पाय टाकायचे, तेही ओसरीवर, येणाजाणाऱ्यांसमोर? ती आपली झोपाळ्याच्या कडेला, तांदूळ निवडत.

आता ती खुर्ची माझ्याकडे आहे. शिवाय चार-पाच जुन्या खुर्च्या घेऊन, दुरुस्त करून मी नात्यात दिल्यात, त्यामुळे भाचरं फोन करतात, "मावशी, जुनी घेऊ की नवी?" मी म्हणते, आधी तीत बस आणि मग उठून दाखव.

दुकानात दोन मिनिटं टेकलं की कुठलीही आरामखुर्ची झकास वाटते. चपला काढून, पाठ पूर्ण टेकवून वीस मिनिटं बसा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मग दोन्ही हातांवर जोर देऊन एका दमात उठा. पुढे-मागे झोके घेऊन उठावं लागलं, तर ती खुर्ची तुमची नाही. आरामखुर्चीची पुढची कड जमिनीपासून १५ ते १६ इंचांवर असते. गुडघे कुरकुरत असतील तर १७-१८ इंच बघा, आणि खुर्चीचे हात बैठकीच्या कडेपर्यंत तरी आलेले असू देत. पाठ टेकल्यावर बैठकीची कड नि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर पायाला मुंग्या येतात.

तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. बैठक मागे उतरती हवी. पाठ कललेली आणि बैठक सपाट असली की माणूस हळूहळू पुढे घसरतो नि कंबर धरते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोची १९५६ ची ती प्रसिद्ध लाउंज चेअर बघा: बैठक कायमची १५ अंश मागे झुकलेली. त्याच्या बरीच आधी, १९३२ च्या सुमारास, फिनलंडचा वास्तुकार आल्वार आल्टो यानं पाइमिओ गावच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमसाठी वाकवलेल्या प्लायवूडची खुर्ची केली. तिच्या पाठीचा कल रोग्याला श्वास घ्यायला सोपं जावं असा ठरवलेला होता. गादीबिदी काही नाही, नुसतं वाकवलेलं लाकूड.

जुनी घ्यायची असेल तर ती पहिल्यांदा उलटी करा. मी केली नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, आणि त्याच दिवाळीत मला एक चकचकीत खुर्ची स्वस्तात मिळाली. महिन्याभरात ती बसल्यावर कण्हू लागली. उलटी केली तेव्हा चारही पायांवर एकाच उंचीवर काळपट रेघ दिसली. पाणी तिथवर चढलेलं. जुने सांधे सरसानं चिकटवलेले असतात, आणि सरस पाण्यात विरघळतो. लाकडाला काही झालं नव्हतं, सांधे सुटले होते. अशी खुर्ची घेऊच नये असं नाही, पण भाव त्या हिशेबानं करा. सुताराला सांगा, आधी जुना सरस गरम पाण्यानं धुऊन काढ. त्यावरच फेविकॉल ओतला तर सांधा पुन्हा सुटणार.

आता वेत. चौकटीला कडेनं भोकांची ओळ असेल तर ते हातानं विणलेलं काम. भोकांऐवजी सलग खाच आणि तिच्यात ठोकलेली पट्टी दिसली, तर तयार विणलेली जाळी बसवलेली आहे. दोन्ही चालतात, पण विणकाम परत करायची वेळ आली की खर्चात फरक पडतो. प्लास्टिकचा वेत मात्र नको. वडोदऱ्याच्या मे महिन्यात पाठीला चिकटतो.

आमच्याकडे येणाऱ्या विणकर काकांना डोळ्यांनी दिसत नाही. भिजवलेला वेत बोटांत धरून ते आधी उभे धागे ओढतात, मग आडवे, परत उभे, मग आडवे विणून घेतात आणि शेवटी दोन्ही तिरपे. तिरप्यांशिवाय जाळी भार पेलत नाही. प्रत्येक भोकात खुंटी मारून ताण धरून ठेवायचा. आजोबांच्या खुर्चीची बैठक झोळी झाली होती. मी नवीन विणायचं म्हणून त्यांना बोलावलं, तर त्यांनी खालून हात फिरवला आणि म्हणाले, "बेन, नेतरने तरस लागी छे." वेताला तहान लागलीय! वरची चकचकीत साल पाणी पीत नाही, म्हणून भिजवायचं खालून. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल अर्धा तास खालच्या बाजूला लावला आणि रात्रभर खुर्ची पंख्याखाली ठेवली. कोणी बसायचं नाही, उन्हात न्यायचं नाही. सकाळी टिचकी मारली तर जाळी डफासारखी वाजली. धागे तुटलेले असतील तर मात्र हा उपाय नाही.

पॉलिश ओळखायला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन खालच्या बाजूला एका कोपऱ्यात लावा. चिकट झालं तर लाखेचं, घरीसुद्धा दुरुस्त करता येतं. आपल्याकडून ४५ किलोमीटरवरच्या संखेड्याच्या रंगीत, सोनेरी खुर्च्याही लाखेच्याच. त्या स्पिरिटनं पुसू नका, खुर्चीच्या हातावर गरम चहाचा कप ठेवू नका. माझ्या जाऊबाईंच्या खुर्चीवर कपाचं वर्तुळ अजून आहे.

नव्याबद्दल थोडकंच. ईम्सच्या नकला सगळीकडे मिळतात. अस्सल खुर्ची मागे आणखी कलत नाही, तिच्या बुडाला पाच पाय आणि पायठेवणीला चार, आणि पाठीच्या लाकडावर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. नक्कल घेण्यात पाप नाही, पण अस्सलच्या भावात घेऊ नका. हेच ईम्स दांपत्य १९५८ मध्ये भारतात आलं होतं. त्यांच्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलं? आपल्या लोट्याचं. आणि चंदीगडसाठी स्विस वास्तुकार प्येर जानरे यांनी केलेल्या साग-वेताच्या खुर्च्या सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढल्या, त्या परदेशच्या लिलावांत लाखोंना गेल्या. तेव्हा माळ्यावरचं काही विकण्याआधी उलटं करून बघा.

आजोबांच्या खुर्चीला मी चार सारख्या ठोकळ्यांवर दोन इंच उंच केलंय. चारी पायांना सारखंच, नाहीतर कल बिघडतो. दुपारी जेवण झालं की दाराला कडी लावते आणि फळ्या बाहेर काढते.