खासदारांकडे गावचं काम कसं घेऊन जावं

सकाळी साडेनऊची वेळ. तालुक्याच्या ठिकाणचं जनसंपर्क कार्यालय, दाराशी चपलांचा ढीग, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. खासदार येतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. निवेदन हातात पडलं की ते उभ्या उभ्याच त्यावर ‘तपासून कार्यवाही व्हावी’ असं लिहून सही ठोकतात आणि कागद मागे उभ्या असलेल्या स्वीय सहायकाकडे जातो. शिष्टमंडळ बाहेर पडून समोरच्या टपरीवर चहा घेतं. काम झालं म्हणून फोटो गावच्या ग्रुपवर पडतो.

गेली काही वर्षं गावाची निवेदनं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. माझी पहिली तीन निवेदनं या फोटोपर्यंतच पोचली. चौथ्याच्या वेळी उमगलं की खासदारांची सही ही सुरुवात असते, आणि पुढचा रस्ता सोपा व्हायला आपला कागद असा असावा लागतो की त्यात कुणाला एका ओळीची भर घालावी लागू नये.

आधी काम कुणाचं ते बघा

गटार तुंबलं, सातबाऱ्यावर नोंद होत नाही, रेशनकार्डात नाव चुकलं, एसटीची फेरी बंद झाली, ही कामं घेऊन खासदारांकडे जाणारे रोज भेटतात. खासदार ‘बघतो’ म्हणतात, कारण मतदाराला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. पण गटार नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं, सातबारा महसूल खात्याचा, एसटी राज्याची. या कामांना सरपंच, नगरसेवक, आमदार जवळचे. खासदारांचं वजन पडतं ते केंद्राच्या खात्यांवर: रेल्वेचा थांबा, फाटकाच्या जागी भुयारी मार्ग, राष्ट्रीय महामार्गावरचं धोक्याचं वळण, टपाल कार्यालय, भविष्यनिर्वाह निधी, पासपोर्ट. मोठ्या आजारपणात पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी त्यांचं पत्रही लोक घेतात.

केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी मात्र आता हेलपाटे घालू नका. पूर्वी प्रत्येक खासदाराला वर्षाला १० प्रवेशांची शिफारस करता यायची. तो कोटा २०२२ मध्ये बंद झाला. तरी दर जूनमध्ये कुणीतरी पाहुण्याचा मुलगा घेऊन हजर असतोच.

खासदार निधीत किती पैसे असतात

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना, म्हणजेच लोक म्हणतात तो खासदार निधी, डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. २०११-१२ पासून एका खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी रुपये येतात. कोविडच्या काळात मध्ये हा निधी थांबवला होता, नंतर तो पुन्हा सुरू झाला. लोकसभेच्या खासदाराने तो मुख्यतः आपल्या मतदारसंघात सुचवायचा, राज्यसभेवर निवडून गेलेल्या खासदाराला राज्यात कुठेही सुचवता येतो. म्हणजे महाराष्ट्रात ४८ लोकसभेचे आणि १९ राज्यसभेचे, अशी ६७ दारं आहेत. राज्यसभेच्या दारात गर्दी कमी असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ. ५ कोटी भागिले सहा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साधारण ८३ लाख. त्यात शंभर गावं धरली तर दर गावाला वर्षाला ८३ हजार. हा आकडा डोक्यात ठेवून निवेदन लिहा. सहा किलोमीटरचा रस्ता, सभागृह, व्यायामशाळा आणि पाण्याची टाकी अशी यादी घेऊन गेलात, तर ती यादीच राहते. मागायचं ते एकच आणि आटोपशीर.

निधीतला किमान १५ टक्के वाटा अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. तुमचं काम अशा वस्तीतलं असेल तर निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा. तो आकडा जुळवणं सहायकाची दरवर्षीची डोकेदुखी असते.

सभामंडप विसरा

हे जरा कडू वाटेल. गावोगावची पहिली मागणी देवळापुढच्या सभामंडपाची असते, आणि धार्मिक स्थळाच्या आवारातलं किंवा देवस्थानाच्या जागेवरचं काम या निधीत बसतच नाही. स्मारक बसत नाही, जमीन खरेदी बसत नाही, कुणाला रोख मदत बसत नाही, खासगी मालकीच्या जागेवरचं बांधकामही नाही. लोकांच्या कायम उपयोगाची मालमत्ता उभी राहिली पाहिजे: शाळेच्या खोल्या, पिण्याच्या पाण्याची सोय, रस्ता, स्वच्छतागृह, स्मशानशेड. देवळातलं काम ‘समाजमंदिर’ म्हणून घुसवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. तपासणाऱ्यांनाही.

जागेचा कागद

इथे थोडं थांबतो, कारण आमचं घोडं इथेच पेंड खात होतं.

गावाला स्मशानशेड हवं होतं. पावसाळ्यात चितेवर पत्रे धरून उभं राहावं लागायचं. ओढ्याकाठची जागा एका शेतकऱ्याने पूर्वी गावाला तोंडी दिली होती, आणि ती गावाचीच म्हणून तीन पिढ्या धरून चाललो होतो. खासदारांची शिफारस मिळाली, आम्ही पेढे वाटले. मग संबंधित कार्यालयातून पत्र आलं: जागेचा उतारा सादर करावा. उतारा काढला तर त्यावर त्या शेतकऱ्याचंच नाव. तो वारलेला, वारसांची नोंद झालेली नाही, तीन मुलं मुंबईला, एक मुलगी सासरी. चौघांचाही नकार नव्हता. पण वारसनोंद, मोजणी आणि बक्षीसपत्र होईपर्यंत दोन वर्षं गेली. तेवढ्यात निवडणूक लागली, आचारसंहिता आली आणि आमची फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर.

म्हणून निवेदनाआधी तलाठ्याकडे जा. जागा सरकारी, ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची आहे याचा सातबारा किंवा नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा उतारा) हातात घ्या. खासगी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आधी, निवेदन नंतर. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि त्यात कामाचं नाव जसं लिहिलंय तसंच, अक्षरशः तसंच, निवेदनातही येऊ द्या. ठरावात ‘शेड’ आणि निवेदनात ‘सभागृह’ एवढ्या फरकावर कागद परत येतो.

निवेदन असं लिहा

एक पान. वरती विषय असा: ‘जिल्हा परिषद शाळा, मौजे अमुक, तालुका तमुक येथे एक वर्गखोली बांधण्याची शिफारस होणेबाबत.’ मग पाच-सहा ओळी: पट किती, खोल्या किती, सध्या कुठले दोन वर्ग एकत्र बसतात. जागा कुणाच्या नावावर, गट नंबर काय. अंदाजे खर्च किती आणि तो कुणी काढला. हे काम दुसऱ्या योजनेतून मंजूर झालेलं नाही, हे एक वाक्य. शेवटी जोडपत्रांची यादी आणि दोन मोबाइल नंबर.

खर्चाचा आकडा मनाने टाकू नका. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातल्या शाखा अभियंत्याला भेटून ढोबळ अंदाजपत्रक मिळतं का बघा. ते जोडलेलं निवेदन ढिगातही वेगळं दिसतं. ‘आपण विकासपुरुष असून’ ही ओळ गाळली तरी काही बिघडत नाही. तिथे फोटो लावा: व्हरांड्यात बसलेली मुलं, एवढाच.

कार्यालयात

पन्नास माणसं टेम्पो भरून नेऊ नका. दोघं जा, त्यातली एक बाई असली तर उत्तम. पाण्याचं काम असेल तर बोलायचंही तिनेच. खासदार अधिवेशनात असताना गेलात तरी चालतं. मला तर तेच बरं वाटतं, सहायकाला तेव्हा बसून ऐकायला वेळ असतो. त्यांना ‘साहेब’ म्हणा, पण ताटकळत राहू नका. आवक नोंदवहीत नंबर पाडून घ्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. पोच नसलेलं निवेदन दिलं काय, न दिलं काय, सारखंच.

मग जिल्हाधिकारी कार्यालय

खासदार पैसे देत नाहीत, काम सुचवतात. मंजुरी जिल्हा प्रशासनाची. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत शिफारस या निधीच्या ‘ई-साक्षी’ पोर्टलवर जाते, त्यामुळे सहायकाला आठवड्याने एकच विचारा: ‘पोर्टलवर टाकलं का?’ टाकलं असेल तर पुढचा मुक्काम जिल्हा नियोजन कार्यालय. शिफारशीवर ४५ दिवसांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा आहे, आणि नाकारलं तर कारण खासदारांना कळवावं लागतं. तेव्हा दीड महिन्याने जाऊन तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला), प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला) आणि कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा) यांतलं काय झालं, काय अडलं ते विचारा. उत्तर मिळेना तर माहितीचा अधिकार आहेच. पण तो अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नका, उगाच माणसं बिथरतात.

निधीत न बसणारं काम

मोठी कामं निधीच्या पैशांतून होत नाहीत, ती दिल्लीतल्या आवाजाने होतात. कोकणात हे वेगळं सांगायला नको. राजापूरहून आधी नाथ पै आणि मग १९७१ ते १९९१ मधू दंडवते लोकसभेवर होते, आणि कोकण रेल्वेचा विषय संसदेत सतत जिवंत राहिला.

तुमचा रेल्वे थांब्याचा विषय असेल तर खासदारांना निवेदनासोबत तयार प्रश्न द्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तोंडी उत्तराचे प्रश्न रोज फक्त २० लागतात, पण लेखी उत्तराचे २३० पर्यंत. लेखीच मागा. ‘अमुक स्थानकावर तमुक गाडीला थांबा देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे काय, नसल्यास कारणे काय’ अशा प्रश्नाला मंत्रालयाकडून छापील उत्तर येतं, आणि ते हातात असलं की पुढचं निवेदन त्यावर उभं करता येतं. केंद्राच्या योजनांबद्दल, म्हणजे घरकुल, जलजीवन, रोजगार हमी, तक्रार असेल तर ‘दिशा’ समितीची, म्हणजे या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्ह्याच्या समितीची, बैठक कधी आहे ते विचारा. तिथे खासदार अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात, म्हणजे दोघं एका टेबलावर.

काम सुरू झाल्यावर

अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या आणि पाया भरताना टेप घेऊन उभे राहा. आमच्या शेडच्या वेळी खांबांच्या खड्ड्याची खोली अंदाजपत्रकापेक्षा कमी निघाली. ठेकेदार म्हणाला, ‘खाली कातळ लागला.’ माझ्यासोबतच्या निवृत्त गवंड्याने पहार मागवली, खड्ड्यात उतरला आणि चार घाव घातले. पहार मातीत घुसली. संध्याकाळपर्यंत खड्डे पुरे खोल झाले. भूमिपूजनाचा नारळ तोवर तिथेच पडून होता, तो आम्ही कामगारांबरोबर खाल्ला.