प्रार्थना मध्येच सुटत असेल तर
बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 18) न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेची गोष्ट आहे. तिचं मागणं एकच आणि नेमकं होतं: प्रतिवाद्याविरुद्ध न्याय. आपली प्रार्थना बऱ्याचदा सुटते ती मोघम असल्यामुळे. ‘सगळ्यांचं भलं कर’ म्हटलं की उत्तर मिळालं का, हेच कळत नाही. वहीत विनंती एका ओळीत लिहा, शेजारी तारीख घाला आणि उत्तरासाठी जागा कोरी सोडा. एका वेळी तीनच विनंत्या, रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांची भरपाई करू नका. त्या ओझ्यानेच तिसरा दिवसही बुडतो. शब्दच सुचत नसतील तेव्हा बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. तक्रारही चालते.