किटमधून लँड स्पीड रेसर बनवताय? या चुका टाळा

लँड स्पीड रेसर म्हणजे मोकळ्या मैदानात सरळ रेषेत वेगाचा विक्रम करायला बांधलेली गाडी. प्लास्टिकच्या किटमधून तिचं मनाने रचलेलं मॉडेल करणारे म्हणतात, "कल्पनेतलीच गाडी आहे, तिला कसले आलेत नियम?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही. मॉडेल हातात घेतो आणि सरळ मागून बघतो. पॅराशूट नाही. ढकलायला पुश बार नाही. मागची चाकं ड्रॅग रेसिंगवाली, ऐसपैस रुंद. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर बॉनेट फोडून वर आलेला. आणि ही गाडी म्हणे मिठाच्या मैदानावर विक्रम करणार!

गाडी कुणी बांधली, कुठल्या साली पळाली, रंग कोणता, नंबर काय, हे सगळं खुशाल मनाने ठरवा. पण वारा तिला खऱ्या गाडीइतकाच अडवणार, हे धरून चाला.

ड्रॅग कार आणि लँड स्पीड कार यांची सरमिसळ

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ड्रॅग कारला पाव मैलात सुसाट सुटायचं असतं, म्हणून तिला मागे रुंद रबर लागतं. अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेग धरायला मैलच्या मैल मोकळे असतात. तिथे खरी लढाई हवेशी. म्हणून टायर अरुंद आणि गुळगुळीत, अंग बुटकं, समोरून दिसणारं तोंड जितकं लहान तितकं बरं. मिठावर पकड कमी मिळते म्हणून काही जण गाडीत मुद्दाम वजन भरतात. गिअरिंग इतकं उंच असतं की सुरुवातीला मागून दुसऱ्या गाडीने ढकलावं लागतं. पुश बार त्यासाठीच, शोभेसाठी नाही.

दोन इंजिनं शेजारी-शेजारी बसवणाऱ्यांनी गोल्डनरॉडचे फोटो बघावेत. 1965 साली समर्स बंधूंच्या या गाडीने बॉनेव्हिलला ताशी 409.277 मैल वेग नोंदवला. तिच्यात क्रायस्लरची चार हेमी इंजिनं होती, पण एकामागे एक, एका ओळीत. त्यामुळे गाडी पेन्सिलीसारखी निमुळती राहिली. तुमच्याकडे उरलेल्या किटमधली दोन व्ही-8 पडून असतील तर तीही तशीच ओळीत लावा.

अलीकडची, जेटवर चालणारी गाडी कल्पत असाल तर किटमधले रबरी टायर बाजूलाच ठेवा. 1997 मध्ये ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी 763.035 मैल गाठणाऱ्या थ्रस्ट एसएससीला रबर नव्हतंच, ॲल्युमिनियमची भरीव चाकं होती. शिवाय चाकं अंगाबाहेर उघडी असतील तर ती लेकस्टर, अंगात झाकलेली असतील तर स्ट्रीमलायनर. करवत उचलण्याआधी हे ठरवा. दोन चाकं झाकलेली, दोन अर्धवट उघडी असली गाडी बघितली की मला कळतं, मालकाला मधेच कंटाळा आला.

आणि पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवू नका. या गाड्यांचं स्टिअरिंग जेमतेम काही अंश फिरतं.

माणूस बसतो का?

विमानाच्या किटमधली इंधनटाकी घेऊन लेकस्टर करणं ही छान कल्पना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांच्या जादा टाक्यांपासून खरोखरच अशा गाड्या बनल्या. पण 1:48 च्या (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) विमानाची टाकी आणि 1:24 ची चाकं एकत्र आली की ड्रायव्हरचं पोर होतं. माझ्याकडे पुठ्ठ्याची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कायम टेबलावर असते. 1:24 मध्ये मोठ्या माणसाचे खांदे साधारण तेवढे भरतात. पट्टी कॉकपिटमध्ये आडवी बसली नाही, तर डिझाइन बाद.

पुट्टीचा डोंगर

आमच्या गटात एक उत्साही पोरगा आहे. हात चांगला, पण दम अजिबात नाही. त्याने एका सेडानचं नाक लांब केलं, जोडाशी चांगली चार मिलिमीटरची फट राहिली. ती त्याने ट्यूबमधल्या पुट्टीने एका दमात भरली, सकाळी घासली, दुपारी प्रायमर, संध्याकाळी चकचकीत लाल. प्रदर्शनात ठेवली तेव्हा देखणीच दिसत होती. पुढे काही आठवड्यांनी तीच गाडी त्याने परत आणली. रंगाखाली जोडाच्या रेषेवर नखाने जाणवेल असा खळगा, आणि एका बाजूचं पातळ प्लास्टिक आत ओढलं गेलेलं. तर साहेबांनी काय करावं? त्या रंगावरच आणखी पुट्टी थापली! मग रंगही सुरकुतला.

ट्यूबमधली पुट्टी वाळते म्हणजे तिच्यातलं सॉल्व्हंट उडून जातं, आणि ते गेलं की ती आकसते. वरची साय लवकर कडक होते, आतला गाभा ओलाच राहतो. तेच सॉल्व्हंट खालचं स्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिकही मऊ करतं. म्हणून फट आधी स्टायरिनच्या पट्टीने किंवा स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्याने भरायची, पुट्टी फक्त वरून पातळ हात मारायला. जाड भराव हवाच असेल तर दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी वापरा, ती फारशी आकसत नाही. माझी सवय सांगतो: पुट्टी लावली की मास्किंग टेपवर तारीख लिहून ती बॉडीच्या आत चिकटवतो आणि मॉडेलचा डबा कपाटात ठेवतो. काढल्यावर आधी वास घेतो. सॉल्व्हंटचा वास येत असेल तर डबा परत कपाटात. हेअर ड्रायर मारून वेळ वाचवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

छत कापताना

1:25 मध्ये एक मिलिमीटर म्हणजे जवळपास एक इंच. पाच इंचांचा चॉप हवा, म्हणजे छत तेवढं खाली आणायचं, तर पाच मिलिमीटर कापायचे, "नजरेने बरं दिसतं" म्हणून नाही. छत धरणाऱ्या सगळ्या खांबांवर सारख्या रुंदीची टेप लावून तिच्या कडेने रेझर सॉ (बारीक दातांची पातळ करवत) चालवा. खांब तिरके असतात, त्यामुळे खाली आणलेलं छत पुढे-मागे तोकडं पडतं. तेव्हा छत मधोमध आडवं कापून पट्टी घाला, किंवा पुढचे खांब आणखी मागे झुकवा. ओढूनताणून चिकटवलं तर पहिल्या उन्हाळ्यात जोड सुटतो. किटची काच आता बसणार नाही. पॅकिंगमधलं पारदर्शक प्लास्टिक कापा आणि लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने लावा. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

बाकीचं थोडक्यात. भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. क्रोमवर गोंद धरत नाही, जोडापुरतं क्रोम खरवडा. इनॅमल रंगावर लॅकर रंग मारू नका. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं नंबर-चित्र) मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकून चंदेरी दिसतं, आधी ग्लॉस कोट द्या.

शेवटी मीठ. मॉडेल ज्यावर मांडता त्या पायथ्यावर खरं मीठ पसरू नका, ते ओल धरतं आणि जवळचे धातूचे भाग गंजवतं. मळकट पांढरा मॅट रंग पुरतो. गाडीवरही तोच, पण छतावर शिंपडायचा नाही. चाकांच्या खोबणीत, चाकांमागच्या अंगावर आणि पोटाखाली लावा, चाकं मीठ उडवतात ते तिथेच.