फोन बोलायला लागला म्हणजे बिघडला नव्हे: टॉकबॅक आणि सोबतच्या सोयी वापरताना या चुका टाळा

तालुक्याच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं दुकान असतंच आणि तिथं असा फोन अधूनमधून येतोच. म्हातारबा खिशातून फोन काढतात, "बघ की रे बाबा, हात लावला की नुसतं बडबडतंय, उघडंना झालंय." दुकानातला पोरगा स्क्रीनवर दोन-चारदा बोट फिरवतो. चौकट सरकते, फोन नाव वाचतो, पण उघडत काहीच नाही. मग ठरलेलं वाक्य येतं, "काका, सॉफ्टवेअर मारावं लागंल. डेटा जाईल." पैसे जातात, नातवाचे फोटो जातात, नंबर जातात.

यात बिघडलेलं काही नसतं. टॉकबॅक चालू झालेलं असतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन वाचून दाखवणारी ही सोय अँड्रॉइडमध्ये २००९ पासून आहे. त्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं. त्याआधी नोकियाच्या फोनवर स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागायचं. आज ते फोनच्या किमतीतच येतं, पण ते फोनात आहे हेच घरच्यांना ठाऊक नसतं.

चुकून चालू झालं असेल तर आवाजाची दोन्ही बटणं, कमी आणि जास्त, एकदम तीनेक सेकंद दाबून धरा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर एवढ्यानं बंद होतं. नाही झालं तर सेटिंगमध्ये जा, पण बोट वेगळ्या रीतीनं चालवा: एकदा टेकवलं की निवड होते, दोनदा पटपट टकटक केलं की उघडतं, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सोयींचं पान, तिथं टॉकबॅक, तिथं बंद. आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू-बंद करायला बाजूचं बटण तीनदा दाबायचा शॉर्टकट बहुधा कोणीतरी आधी लावून ठेवलेला असतो. रीसेट करायला कोणी सांगितलं तर आधी हे करून पाहा.

उलटी चूक जास्त महागात पडते

ज्याला टॉकबॅकची गरज आहे त्याच्या फोनवरून घरातलाच कोणीतरी ते काढून टाकतो, "फोन हँग होतो" म्हणून. पुतण्याला रील बघायचं असतं, तो बंद करतो आणि परत चालू करायचं विसरतो. काका संध्याकाळपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसतात. तुम्हाला तो फोन वापरायचाच असेल तर तीच दोन बटणं दाबून बंद करा आणि परत देताना तीच दाबून चालू करून द्या.

फोन खरोखर अडखळत असेल तर दोष बहुतेक वेळा कमी रॅमचा असतो. टॉकबॅक दिवसभर मागे चालतं, दोन-तीन जीबी रॅमच्या फोनला ते झेपत नाही. घेतानाच जरा बरा घ्या. काचेखालच्या फिंगरप्रिंटपेक्षा बाजूच्या बटणातला बरा, कारण तो बोटाला चाचपून सापडतो. वायरचा इअरफोन लागतो का तेही पाहा. पिन टाकताना फोन आकडे मोठ्यानं बोलू शकतो, आणि बँकेच्या रांगेत ते चार जणांनी ऐकावं असं कोणालाच वाटत नाही. एका कानात इअरफोन घाला, दुसरा मोकळा ठेवा.

आवाज मराठी केला का?

हे राहून जातं आणि मग माणूस कंटाळून फोन कपाटात ठेवतो. फोनची भाषा मराठी, वाचणारा आवाज इंग्रजी. मग देवनागरी मजकुरावर फोन एक तर गप्प बसतो, नाहीतर काहीतरी भलतंच बोलतो. सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच (मजकूर बोलून दाखवायची सोय) शोधा, गूगलचं इंजिन, म्हणजे आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर, निवडा आणि मराठी आवाज डाउनलोड करा. काही कंपन्यांचे फोन स्वतःचं इंजिन लावून येतात आणि त्यात मराठी नसू शकते. तिथं इंजिनच बदलावं लागतं. डाउनलोड वायफायवर करा. एकदा उतरला की तो आवाज नेटशिवाय चालतो, शेतात रेंज नसली तरी. आयफोनवरही मराठी आवाज मिळतो.

शिकवताना आणखी एक गफलत होते. डोळस माणूस शिकवतो तेव्हा तो जागा दाखवतो: "इथं खाली उजवीकडं दाब." दिसतच नाही त्याला खाली-उजवीकडं काय करायचं? आधी एकच हालचाल शिकवा. एक बोट डावीकडून उजवीकडं हलकं फटकारा, फोन पुढची गोष्ट वाचतो. उलट फटकारलं की मागची. हवी ती ऐकू आली की स्क्रीनवर कुठंही दोनदा टकटक. बटणावरच केलं पाहिजे असं काही नाही. एवढं बोटात बसलं की फोन लावणं, मेसेज ऐकणं, व्हॉट्सअ‍ॅप सगळं जमतं. दाबून काही होत नाही, बोट हलकं हवं. नांगर-कुदळ धरलेल्या हाताला हे पहिल्यांदा अवघड जातं, म्हणून पहिले दिवस नुसतं फटकारायचं, उघडायचं काही नाही. फोनच्या बोलण्याचा वेग हळू ठेवून सुरुवात करा, पण सरावलेल्या माणसानं वेग वाढवला की तो "समजत नाही" म्हणून तुम्ही कमी करू नका. त्याला समजतं.

ज्यांना धूसर दिसतं त्यांच्याबाबत वेगळी घाई होते. मुलगा एका फटक्यात अक्षर सगळ्यात मोठं करतो आणि डिस्प्लेचा आकारही शेवटपर्यंत ओढतो. मग पैसे पाठवताना खालचं "पुढे" बटण स्क्रीनबाहेर जातं आणि आई म्हणते की फोन अडकला. या दोन सेटिंग वेगळ्या आहेत. अक्षर वाढवा, डिस्प्लेचा आकार मधल्या खुणेवर ठेवा, आणि बारीक दिसणाऱ्या जागेपुरतं मॅग्निफिकेशन, म्हणजे फोनमधलं भिंग, लावा. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं आणि आधीच मोठी असलेली अक्षरं त्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळं नव्या फोनवर हा घोळ कमी होतो.

डीटीपीवाल्याची पीडीएफ

यावर जरा थांबतो, कारण ही चूक ना फोनची, ना फोन वापरणाऱ्याची. ग्रामपंचायतीची नोटीस, शाळेचं परिपत्रक, बचत गटाचा अहवाल, लग्नाची पत्रिका. आपल्याकडं हे सगळं तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर तयार होतं आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. डोळ्याला ते सुरेख मराठी दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, वर फक्त मराठी मुखवटा. टॉकबॅक मुखवटा बघत नाही, आतलं वाचतं. कृतिदेवमधला "सूचना" हा शब्द फोन "एल डब्ल्यू पी" असलं काहीतरी म्हणून वाचणार.

तपासायचं कसं? पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठीच आली, एखादी वेलांटी सरकली तरी, तर फाइल युनिकोडमध्ये आहे, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच साठवलेली आहेत. कचरा आला तर फोनही कचराच बोलणार. ओळ निवडताच येत नसेल तर तो स्कॅन केलेला फोटो आहे. अशा कागदावर गूगल लेन्स फिरवलं तर छापील देवनागरी बऱ्यापैकी ओळखता येते, पण तक्ता असेल तर रकाने एकमेकांत घुसतात. म्हणून काम करून घेतानाच डीटीपीवाल्याला "युनिकोडमध्ये कर" म्हणा. त्याला ते येतं, मागत कोणी नाही.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर सगळाच कारभार फोटोंचा. पाणी कधी सुटणार, शिबिर कुठं आहे, सगळं रंगीत चित्रात. खाली दोन ओळी टाइप करा. फुलं-तोरणांचं चित्र टाकायचं तर टाका.

परवानगी कोणाला दिली?

अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतं. टॉकबॅकला हे लागतंच, त्याचं कामच ते. पण हीच परवानगी भामट्यांनाही हवी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर "चलान", "पीएम किसान", "लग्नपत्रिका" अशा नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) येते, ती टाकली की पहिल्यांदा हीच परवानगी मागते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजासहजी मिळत नाही. म्हणून फोनवरून गोड बोलणारा माणूस तुम्हाला ती अडवणूक एकेक पायरीनं उठवायला लावतो. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर डाउनलोड केलेल्या अ‍ॅपची यादी असते. तिथं अनोळखी नाव चालू दिसलं तर बंद करा आणि अ‍ॅप काढून टाका.

काही पैशांची अ‍ॅप मात्र या भीतीपोटी अशी कुठलीही सोय चालू दिसली की इशारा देतात. घरचे घाबरून टॉकबॅकच बंद करून टाकतात. ते फोनसोबत आलेलं आहे, ते राहू द्या. अनोळखी अ‍ॅप शोधा.

कान आणि हात

लाइव्ह ट्रान्स्क्राइब समोरच्याचं बोलणं ऐकून अक्षरात लिहितं, मराठीतही. २०१९ मध्ये गूगलनं ते आणलं. फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, टेबलावर, उताणा, आणि भाषा मराठी निवडलीय ना ते बघा. हिंदी राहिली तर "लई" आणि "कसंय"चं काहीही होतं. भरभर आपल्या गावरान ठेक्यात बोललं की प्रमाण मराठीवर शिकलेलं यंत्र अडखळतं, तेव्हा जरा सावकाश. आणि खुणांची भाषा वापरणाऱ्या प्रत्येकाला लिहिलेली मराठी सफाईनं वाचता येतेच असं गृहीत धरू नका. त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल. फक्त खिडकीकडं पाठ करून बसू नका, हात काळे दिसतात. ब्लूटूथचं श्रवणयंत्र घेण्याआधी ते तुमच्याच फोनला जोडून बघा; प्रत्येक यंत्र प्रत्येक फोनशी जुळत नाही.

मळणीयंत्रात नाहीतर कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत. त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू चालू करून द्या, म्हणजे आवाज, लॉक, स्क्रीनशॉट ही कामं मोठ्या बटणांवर येतात. हात थरथरत असेल तर "टच आणि होल्ड"चा वेळ लांब करा.

केवायसीत "डोळे मिचकवा" आलं तर

केवायसीत, म्हणजे बँक-सिमकार्डसाठी ओळख पटवताना, चेहरा दाखवायची पद्धत आली आणि डोळे मिचकावता न येणारे अडले. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक पूर्ण दृष्टिहीन याचिकाकर्ते यांच्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, आणि केवायसीत मिचकावण्याला पर्याय द्यायला लावला. काउंटरवर अडवलं तर "पुन्हा ट्राय करा" ऐकत उभं राहू नका, कागदी केवायसी मागा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा ओटीपीचा पर्याय आहे का ते विचारा.

अ‍ॅपच्या अपडेटनंतर कालपर्यंत वाचलं जाणारं बटण आज नुसतं "बटण, लेबल नाही" म्हणत असेल, तर चूक अ‍ॅप बनवणाऱ्याची. बटणाला नाव द्यायचं राहिलंय, आणि ते द्यायला प्रोग्रामरला एक ओळ पुरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दलच आहे. पण "तुमचं अ‍ॅप भंगार" असं लिहून कोणी काही करत नाही. तक्रारीत एवढं टाका: फोनचं मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, टॉकबॅक चालू होतं हे, आणि नेमकं कुठल्या पानावर कितव्यांदा उजवीकडं फटकारल्यावर ते मुकं बटण येतं. शक्य असेल तर आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा, पण त्यात खाते क्रमांक आणि पिन येणार नाही याची खात्री करून.