इंग्लंडमधल्या खेड्यातलं घराणं कसं शोधावं: पॅरिशच्या वह्या आणि मृत्युपत्रं

जवळजवळ वर्षभर मी एका मेलेल्या बाळाला नवऱ्याचा खापरपणजोबा समजून त्याच्या आईवडिलांचा शोध घेत होते. सासरची माणसं वॉरिकशरच्या खेड्यांतली, बहुतेक शेतमजूर. हवं ते नाव, हवं ते साल आणि हवं ते गाव चर्चच्या वहीतल्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडलं आणि मी ती नोंद वंशावळीत जोडून टाकली. त्याच वहीतली दफनाची पानं उघडली नव्हती. उघडली तेव्हा कळलं, की तो जॉन आठ महिन्यांचा असतानाच गेला होता. आमचा जॉन चार मैलांवरच्या दुसऱ्या गावातला निघाला, आणि तेही सिद्ध झालं ते त्याच्या काकाच्या मृत्युपत्रामुळे. म्हणून पुढे जे सांगते आहे त्यात मृत्युपत्रांवर भर जास्त आहे. वही नाव आणि तारीख देते, पण कोण कोणाचा हे मृत्युपत्र सांगतं.

सुरुवात घरापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. थेट सोळाव्या शतकात उडी मारून तिथून खाली यायचा मोह होतो, पण त्यात आडनावबंधूंचं भलतंच घराणं गळ्यात पडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिथपर्यंतचा रस्ता दाखल्यांचा आणि जनगणनेचा आहे. १८४१ च्या जनगणनेवर फार विसंबू नका. त्यात पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. १८५१ ची मात्र सोन्यासारखी. कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्म कुठल्या पॅरिशमध्ये झाला हे दोन्ही तिच्यात आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा वाड्या. त्या पॅरिशचं नाव हाती लागलं, की खरं काम सुरू होतं.

आता एक नकाशा घ्या आणि त्या गावाभोवतीच्या साताठ मैलांतल्या सगळ्या पॅरिशची यादी करा. शेतमजुरांचं कामच वर्षाच्या बोलीवर असायचं. एका मालकाकडचं वर्ष भरलं की ते शेजारच्या गावात जायचे, तिथेच लग्न करायचे, मुलांचे बाप्तिस्मे तिसरीकडे. मूळ वह्या आता बहुतेक त्या त्या काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसात असतात. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग ही संकेतस्थळं फुकट आहेत. पैसे भरून ॲन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्टवर पुष्कळ वह्यांची छायाचित्रं पाहता येतात. सूचीवर थांबू नका, पानाचं छायाचित्र बघाच. सूची करणाऱ्याने वाचलेलं नाव चुकीचं असू शकतं, आणि समासात लिहिलेलं सूचीत येतच नाही.

वहीत काय मिळेल हे तिच्या काळावर अवलंबून आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवायचा हुकूम दिला. पण पुष्कळ वह्या १५५८ पासून सुरू होतात, कारण १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा हुकूम निघाला तेव्हा राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी तरी घ्याच, असं म्हटलं होतं. त्याच सुमारास वहीची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवणं सक्तीचं झालं. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल, पाण्याने गेली असेल, तर या बिशपच्या नकला मागा. १६४२ ते १६६० या यादवीच्या काळात नोंदी अनेक ठिकाणी तुटक आहेत, तिथे अडलात तर दोष तुमच्या शोधाचा नाही. २५ मार्च १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांची आणि साक्षीदारांची सही किंवा अंगठ्याऐवजी फुली येते. साक्षीदारांची नावं नेहमी उतरवून घ्या, त्यांत भाऊ-बहीण निघतात. १८१३ पासून छापील फॉर्म आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा व राहण्याचं ठिकाण दिसू लागलं.

तारखांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. शेक्सपिअरची जुळी मुलं हॅमनेट आणि ज्युडिथ यांचा बाप्तिस्मा स्ट्रॅटफर्डच्या वहीत २ फेब्रुवारी १५८४ ला आहे. आपल्या हिशेबाने ते १५८५. हे लक्षात घेतलं नाही तर बाप्तिस्मा लग्नाच्या आधीचा वाटतो, नाहीतर दफन जन्माच्या आधीचं. अशा तारखा १५८४/८५ अशा जोडीने लिहिण्याची पद्धत आहे, तीच ठेवा.

अक्षराला घाबरू नका. सोळाव्या-सतराव्या शतकातलं ‘सेक्रेटरी’ वळण पहिल्यांदा पाहिलं की काही म्हणता काही लागत नाही. एच ओळीखाली शेपूट सोडतो, सी आजच्या आरसारखा दिसतो. मोडी शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही. युक्तीही तीच: जे शब्द असणारच, म्हणजे महिन्यांची नावं, जॉन, टॉमस, मेरी, ते आधी ओळखा आणि त्यांतून त्या लेखनिकाची स्वतःची बाराखडी एका कागदावर उतरवा. नोंद लॅटिनमध्ये असेल तर गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स, फिलिअस म्हणजे मुलगा आणि सेपुल्टस म्हणजे पुरला. एवढ्यावर बरंच निभतं.

आता मृत्युपत्रं. १२ जानेवारी १८५८ पासून प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा शिक्का देण्याचं, काम सरकारी कोर्टाकडे आलं, आणि त्या दिवसापासूनच्या वार्षिक याद्या सरकारी संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. त्याआधी हे काम चर्चच्या कोर्टांचं होतं आणि इथेच बहुतेक लोक अडकतात. साध्या माणसाचं मृत्युपत्र बिशपच्या किंवा त्याच्या हाताखालच्या आर्चडीकनच्या कोर्टात जायचं. मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पसरलेली असली की ते वरच्या कोर्टात, म्हणजे कँटरबरी किंवा यॉर्कला. कँटरबरीच्या कोर्टाची १३८४ ते १८५८ मधली मृत्युपत्रं लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांचं नाव-गावाचं शोधयंत्र ऑनलाइन आहे.

बिशपची हद्द आणि काउंटीची हद्द एक नसते, हे मात्र विसरू नका. शेक्सपिअरच्या आईचे वडील रॉबर्ट आर्डन हे विल्मकोटचे शेतकरी. गाव वॉरिकशरचं, पण त्यांच्या १५५६ च्या मृत्युपत्राचं प्रोबेट झालं वूस्टरला, कारण तो भाग वूस्टरच्या बिशपकडे होता. धाकटी मुलगी मेरी हिला त्यांनी ॲस्बीज नावाची जमीन दिली, आणि तीही उभ्या पिकासकट, पेरलेली-नांगरलेली आहे तशी. मेरीच्या बाप्तिस्म्याची नोंद कुठेही नाही. ती कोणाची मुलगी हे आपल्याला त्या कागदावरून कळतं.

तिच्या सुनेची गोष्ट तर अभ्यासण्यासारखी आहे. शेक्सपिअरची बायको ॲन हॅथवे १६२३ मध्ये ६७ व्या वर्षी वारली असं तिच्या थडग्यावर आहे. म्हणजे जन्म १५५६ च्या आसपासचा, आणि स्ट्रॅटफर्डची वही सुरू होते १५५८ मध्ये. शॉटरीचे शेतकरी रिचर्ड हॅथवे यांच्या १५८१ च्या मृत्युपत्रात ॲन नावाची मुलगीच नाही. आहे ती ॲग्नेस, आणि तिला लग्नाच्या दिवशी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स द्यायचे आहेत. त्या काळात ॲन आणि ॲग्नेस ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरत. पण नुसत्या तेवढ्यावर नातं जोडायचं कसं? त्याच मृत्युपत्रात रिचर्डने आपल्या मेंढपाळाचं, टॉमस व्हिटिंग्टनचं, देणं लिहून ठेवलं आहे. वीस वर्षांनी, १६०१ मध्ये, हाच मेंढपाळ आपल्या मृत्युपत्रात लिहितो, की विल्यम शेक्सपिअरची बायको ॲन हिच्याकडे माझे चाळीस शिलिंग आहेत, ते स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना द्या. बापाच्या कागदात मेंढपाळ, मेंढपाळाच्या कागदात मुलगी. म्हणून फक्त आपल्या आडनावाची मृत्युपत्रं वाचून थांबू नका. शेजारी, साक्षीदार, मालक, बायकोच्या माहेरचे, ज्यांना मूलबाळ नव्हतं ते काका आणि आत्या, सगळ्यांची वाचा. मूल नसलेला माणूस पुतण्या-भाच्यांची नावं हमखास घेतो. आमच्या जॉनचा पत्ता अशाच एका निपुत्रिक काकाने पाच पौंडांच्या ओळीत लिहून ठेवला होता.

वाचताना जपायच्या दोन-तीन गोष्टी. ‘कझिन’ हा शब्द जुन्या कागदांत पुतण्याला आणि भाचीलाही लावलेला असतो, आणि ‘सन-इन-लॉ’ म्हणजे कधी कधी सावत्र मुलगा. थोरल्याचं नाव नसलं किंवा त्याला एकच शिलिंग दिलेलं असलं, तर भांडण झालं होतं असं लगेच धरू नका. त्याचा वाटा आधीच मिळालेला असायचा किंवा जमीन रिवाजाने त्याच्याकडे जायची. मृत्युपत्राला जोडून घरातल्या मालमत्तेची यादी मिळाली तर ती सोडू नका. खोलीखोलीतून फिरून शेजाऱ्यांनी किंमत लावलेली तांब्याची भांडी, खाटा, गायी, शेतातलं पीक त्यात असतं. विवाहित बाईचं मृत्युपत्र १८८२ च्या कायद्याआधी क्वचितच सापडेल, विधवांची आणि अविवाहितांची मात्र पुष्कळ आहेत.

एखादा तरुण मुलगा वहीतून एकदम नाहीसा झाला, लग्न नाही, दफन नाही, तर सैन्य आणि कंपनी सरकार आठवा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

आणि ज्याच्याकडे मृत्युपत्र करण्याजोगं काहीच नव्हतं त्याचं काय? खेड्यात असे लोक जास्त. त्यांच्यासाठी पॅरिशच्या पेटीतले, म्हणजे चर्चमध्ये गावाचे कागद ठेवायच्या पेटीतले, गरिबांचे कागद मागा. १६६२ च्या कायद्यानंतर मदत मागणाऱ्या माणसाची जबाबदारी कुठल्या पॅरिशची यावरून गावागावांत वाद होत, आणि दोन न्यायाधीशांसमोर त्याची जबानी घेतली जाई: जन्म कुठला, वर्षभर चाकरी कोणाकडे केली, पगार किती, लग्न कुठे झालं, मुलं किती आणि त्यांची वयं काय. हे कागद पुष्कळदा ऑनलाइन नसतात, नावाच्या सूचीतही नसतात. रेकॉर्ड ऑफिसात पॅरिशचं नाव सांगून ‘सेटलमेंट’चे कागद मागायचे, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन बसायचं आणि एकेक घडी उलगडायची. तळाशी, न्यायाधीशांच्या झोकदार सह्यांच्या वर, त्या मजुराची वाकडी फुली असते.