कुंडीतल्या लिंबाची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: माझा अनुभव

परभणी. कागदी लिंबू, कुंडीत काळी माती, पाणी बोअरचं. जुनी पानं हिरवीगार, पण शेंड्याची कोवळी पानं पिवळीफटक आणि शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडीच्या काठावर पांढरा थर.

युरिया दिला, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं खत) झालं, पाणी वाढवलं. ढिम्म फरक नाही, वैताग आला.

मग चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकले. फसफसली, म्हणजे मातीत चुनखडी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून कोवळी पानं अशी पिवळी पडतात, आणि सतत ओल राहिली की आणखीच अडतं.

आधी पाणी तोडलं. रोप काढून कडेची चिकट माती झाडली, काळी मऊ मुळं कापली. कुंडीची छिद्रं मोठी केली. काळी माती, जाड वाळू, कुजलेलं शेणखत समान घेऊन भरलं. नवी पालवी दिसल्यावर ईडीडीएचए चिलेटेड लोह (चुनखडीच्या मातीतही मुळांना मिळेल अशा रूपातलं लोह), पाकिटावरच्या मात्रेत, संध्याकाळी मातीत ओतलं (पाणी लालभडक होतं, घाबरू नका). ईडीटीएवालं (चिलेटेड लोहाचा दुसरा प्रकार) स्वस्त असतं, पण चुनखडीत टिकत नाही. आता बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी, जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं.

पिवळी पानं फारशी सुधारली नाहीत. नवी हिरवी येतायत.